‘डिस्क खराब आली’: जुने ब्रिटिश भयपट जमवणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचा छडा

ब्रिटनहून मागवलेली हॅमर या भयपटांच्या ब्रिटिश कंपनीची डिस्क हातात पडते आणि दोनच दिवसांत ओळखीतल्या एखाद्या जुन्या संग्राहकाला फोन जातो, “डिस्क खराब आली.” कधी ती चालतच नाही. कधी चालते, पण ८२ मिनिटांचा सिनेमा ७९ मिनिटांत आटोपतो. कधी लखलखीत चाललेलं चित्र मधूनच धुरकट होतं. कधी ड्रॅक्युलाचा वाडा निळसर पडलेला असतो. दर वेळी खापर डिस्कवर फुटतं आणि ती परतीच्या पाकिटात जाते. बदली आलेली डिस्कही नेमकं तेच करते, कारण पहिलीला मुळात काही झालेलंच नव्हतं.

या सिनेमांच्या बाबतीत दोष तीन ठिकाणी असू शकतो: प्लेअर, डिस्क आणि खुद्द सिनेमा. पहिले दोन सगळ्यांना सुचतात. तिसरा कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि ब्रिटिश भयपटांत सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. हे सिनेमे सेन्सॉरने कापले, अमेरिकी वितरकांनी नावं बदलून आणखी कापले, काहींच्या मूळ निगेटिव्ह हरवल्या. हा सगळा इतिहास डिस्कवर उमटतो आणि आपल्याला तो बिघाड वाटतो.

डिस्क चालतच नाही

हा रीजन कोडचा, म्हणजे डिस्क कुठल्या देशातल्या प्लेअरवर चालावी हे ठरवणाऱ्या कुलुपाचा मामला असतो, दहापैकी नऊ वेळा. ब्लू-रेसाठी जगाचे तीन तुकडे केलेले आहेत. अमेरिका आणि जपान ‘ए’मध्ये, ब्रिटन, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’मध्ये, तर भारत, चीन आणि रशिया ‘सी’मध्ये. डीव्हीडीचे आकडे वेगळे: अमेरिका १, ब्रिटन २, ऑस्ट्रेलिया ४, भारत ५. म्हणजे दोन्ही प्रकारांत आपला आणि ब्रिटनचा मेळ नाही. भारतात रीतसर विकलेल्या प्लेअरवर ब्रिटनची कुलूपबंद डिस्क चालली नाही, तर तो प्लेअर आपलं काम चोख करतो आहे.

फसगत होते ती डीव्हीडीमुळे. आपल्या बाजारात आलेले कितीतरी डीव्हीडी प्लेअर रीजन बघतच नव्हते, त्यामुळे वर्षानुवर्षं ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या डीव्हीडी बिनतक्रार चालल्या. मग माणूस ब्लू-रे प्लेअर घेतो. दुकानदार सांगतो, “मल्टी-रीजन आहे साहेब.” डीव्हीडी चालते, ब्लू-रे चालत नाही, आणि दोष डिस्कला जातो. एकाच यंत्रात डीव्हीडीचं कुलूप आणि ब्लू-रेचं कुलूप वेगवेगळी असतात. डीव्हीडीचं कुलूप बऱ्याच मॉडेलांवर रिमोटवरून काही आकडे दाबून उघडतं. ब्लू-रेचं सहसा तसं उघडत नाही, त्याला आतला भाग बदललेला प्लेअर लागतो. त्यामुळे दुकानात प्रश्न सरळ विचारायचा: “मल्टी-रीजन म्हणजे ब्लू-रेलासुद्धा का?” उत्तर द्यायला दुकानदार अडखळला की समजून जायचं. शक्य असेल तर आपली ‘बी’ डिस्क सोबत नेऊन तिथेच लावून बघावी. आणि असा प्लेअर घेतलाच, तर तो इंटरनेटला जोडून येईल ते अपडेट आंधळेपणाने घेऊ नका. एका अपडेटमध्ये उघडलेलं कुलूप परत लागू शकतं.

कुलूप आहे की खरंच बिघाड, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. रीजनचा अडथळा असेल तर डिस्क नीट वाचली जाते आणि काही सेकंदांत पडद्यावर स्पष्ट पाटी येते. डिस्क मळलेली, चरे पडलेली किंवा प्लेअरची लेझर थकलेली असेल, तर यंत्र बराच वेळ घरघरतं, थांबतं, पुन्हा फिरवून बघतं आणि शेवटी ‘नो डिस्क’ म्हणतं. पाटी आली तर डिस्क पुसत बसू नका.

खरेदीआधी बघायचं ते खोक्याच्या मागे. डीव्हीडीवर पृथ्वीच्या गोलात आकडा असतो, ब्लू-रेवर षटकोनात अक्षर. तिन्ही अक्षरं असली तर प्रश्नच मिटला. डिस्क काढणाऱ्या कंपन्यांपैकी स्टुडिओकनालच्या ब्रिटनमधल्या हॅमर ब्लू-रे बहुतेक ‘बी’ आहेत, अमेरिकेतल्या स्क्रीम फॅक्टरीच्या ‘ए’. वॉर्नर आर्काइव्हच्या डिस्कना सहसा कुलूप नसतं. लंडनच्या इंडिकेटरच्या कितीतरी डिस्क मोकळ्या आहेत, पण सगळ्या नाहीत, तेव्हा प्रत्येक वेळी षटकोन बघायचाच.

४के यूएचडी डिस्कना रीजन कोड हा प्रकारच नाही. म्हणून हल्ली लोक निर्धास्तपणे ४के मागवतात, आणि ते बरोबरच आहे. फक्त एक खोच असते: त्याच खोक्यात सोबत येणारी ब्लू-रे मात्र ‘बी’ असू शकते, आणि मुलाखती, माहितीपट, पर्यायी आवृत्त्या असा सगळा मेवा बऱ्याचदा तिच्यावरच ठेवलेला असतो. सिनेमा चालतो, बाकीचं चालत नाही, आणि ‘अर्धा संच खराब’ अशी तक्रार होते.

संगणकावर बघणाऱ्यांसाठी एकच सूचना. डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन पाच वेळाच बदलता येतो, पाचव्या बदलानंतर तो कायमचा तिथेच अडकतो. आज ब्रिटनची, उद्या अमेरिकेची असं करत बसलात तर एका पावसाळ्यात ड्राइव्ह गोठेल. स्वस्तातला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्या, तो २ वर लावा आणि त्याला पुन्हा हात लावू नका.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना आणखी एक अडचण येते, जी आपल्याला इथे येत नाही. ब्रिटनच्या डिस्कवरची जुनी दूरचित्रवाणीची सामग्री ५० हर्ट्झमध्ये असते. भारतात टीव्हीसाठी पूर्वापार ब्रिटनसारखीच पाल पद्धत असल्यामुळे इथले टीव्ही आणि प्लेअर ती निमूट दाखवतात. न्यू जर्सीतल्या प्लेअरवर मात्र त्याच जागी काळा पडदा किंवा चुकीच्या फॉरमॅटची पाटी येते. मुख्य सिनेमा चालतो आणि हॅमरचा नट पीटर कुशिंग याची मुलाखत चालत नाही, असं झालं तर कारण हेच.

मिनिटं कमी भरतात

ही तक्रार मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात निम्मे लोक उगाच घाबरलेले असतात आणि उरलेले निम्मे खरोखर फसलेले असतात.

आधी उगाच घाबरलेले. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल व्हिडिओ २५ चौकटींनी. यावर काढलेला तोडगा अगदी साधा होता: सिनेमा थोडा पळवायचा. त्यामुळे ब्रिटनच्या डीव्हीडीवर आणि व्हीएचएसवर प्रत्येक सिनेमा चार टक्के जास्त वेगाने धावतो. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. एकही चौकट कापलेली नसते. आवाजही त्यासोबत चढतो. काळी एकमध्ये लावलेला सूर पांढरी दोनकडे सरकावा, पण पोचू नये, इतपत. सवय नसेल तर कळत नाही. तोच सिनेमा ब्लू-रेवर ऐकलात की मात्र ड्रॅक्युला झालेल्या ख्रिस्तोफर लीचा आवाज एकदम भरदार वाटतो. ब्लू-रे २४ चौकटींनीच चालते, त्यामुळे तिथे मिनिटं पूर्ण भरतात.

म्हणून मूळ लांबीला ०.९६ने गुणायचं आणि मग डिस्कच्या आकड्याशी ताडून बघायचं. १९५८चा ‘ड्रॅक्युला’ ८२ मिनिटांचा आहे, पाल डीव्हीडीवर तो ७९च्या आत येतो. पूर्ण आहे, परत पाठवू नका.

आता खरोखर फसलेले. १९५७चा ‘नाइट ऑफ द डीमन’ ब्रिटनमध्ये ९६ मिनिटांचा होता. अमेरिकेत तो ‘कर्स ऑफ द डीमन’ या नावाने ८२ मिनिटांवर आणला. गुणाकार करून बघा: पूर्ण सिनेमा पाल डीव्हीडीवर ९२ मिनिटं भरेल. तुमच्या डिस्कवर ८२ किंवा ७९ दिसत असेल, तर हातात अमेरिकी कापीव आवृत्ती आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

खरा चकवा आहे १९७३च्या ‘द विकर मॅन’चा. त्याच्या तीन लांब्या फिरत असतात: चित्रगृहातली सुमारे ८८ मिनिटांची, सगळ्यात लांब ९९ मिनिटांची, आणि २०१३ साली दिग्दर्शक रॉबिन हार्डीच्या संमतीने निघालेली ९४ मिनिटांची ‘फायनल कट’. आता ९९ला ०.९६ने गुणा. ९५ येतात! म्हणजे जुन्या पाल डीव्हीडीवरची सगळ्यात लांब आवृत्ती आणि नव्या ब्लू-रेवरची मधली आवृत्ती यांचे आकडे जवळजवळ सारखे. मिनिटं मोजून इथे काही कळणार नाही. सिनेमाच बघावा लागतो, तोही पहिला अर्धा-पाऊण तासच. ‘जेंटली जॉनी’ हे गाणं नसेल तर ती चित्रगृहातली छोटी आवृत्ती. गाणं आहे, पण बेटावर जाण्याआधीचा मुख्य भूमीवरच्या पोलीस ठाण्यातला प्रसंग नाही, तर ती फायनल कट. दोन्ही असतील तर लांब आवृत्ती.

सेकंडहॅंड डीव्हीडी घेताना विक्रेत्याला हे दोनच प्रश्न विचारले तरी पुरतं. बहुतेकांना उत्तर देता येत नाही, पण त्यावरूनही काय ते कळतं.

मधूनच चित्र खराब होतं

‘विकर मॅन’ इथेच पुरा करू. लांब आवृत्ती बघताना सुस्पष्ट चित्र चालू असतं आणि अचानक एखादा प्रसंग धुरकट, रंग विटलेला, कडा मऊ झालेल्या असा येतो. दोन मिनिटांनी परत सगळं स्वच्छ. प्लेअर दमला की डिस्कला डाग पडला? दोन्ही नाही. या सिनेमाची मूळ निगेटिव्ह हरवलेली आहे. लांब आवृत्तीची एक प्रिंट अमेरिकी निर्माता रॉजर कॉर्मनकडे गेली होती. तिच्यावरून केलेल्या व्हिडिओ टेपमुळेच तो जादा भाग आज बघायला मिळतो. चित्रगृहातले प्रसंग चांगल्या प्रिंटमधून आणि वाढीव प्रसंग टेपमधून, असं ते जोडकाम आहे. २०१३ची फायनल कट डोळ्यांना जास्त एकजिनसी वाटते, कारण तिच्यासाठी हार्वर्ड फिल्म आर्काइव्हमध्ये एक ३५ मिमी प्रिंट सापडली होती. त्या वर्षी ब्रिटनमध्ये निघालेल्या ब्लू-रे संचात तिन्ही आवृत्त्या आहेत, पण लांब आवृत्ती जुन्या, साध्या दर्जाचीच आहे. तिथे चित्र मऊ दिसलं म्हणून तक्रार करून उपयोग नाही, त्या संचासाठी त्याहून चांगलं काही हाताशी नव्हतं.

‘विचफाइंडर जनरल’च्या काही ब्रिटिश डीव्हीडींवरही असंच होतं. परदेशांसाठी केलेल्या निर्यातीच्या आवृत्तीतले तुकडे दुसऱ्या, निकृष्ट प्रतीतून घेऊन मध्ये बसवलेले आहेत. तुकडा आला की चित्र पडतं, गेला की सावरतं.

याची एक अधिकच फसवी जात म्हणजे ॲमिकस या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीचा १९७३चा ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’. अमेरिकेत मवाळ प्रमाणपत्र मिळवण्यासाठी त्यातल्या रक्ताळ चौकटींच्या जागी स्थिर चित्रं घातली होती, आणि बरीच वर्षं बाजारातल्या डीव्हीडी त्याच कापीव प्रिंटवरून निघत होत्या. बघणाऱ्याला काय दिसतं? ऐन मोक्याच्या क्षणी चित्र गोठतं! माणूस रिमोट दाबतो, डिस्क काढतो, पुसतो, परत लावतो, पुन्हा त्याच ठिकाणी गोठतं. अशा वेळी वेळेचा आकडा बघा. आकडा पुढे सरकतो आहे आणि आवाज चालू आहे, तर ते गोठलेलं चित्र सिनेमातच छापलेलं आहे. पूर्ण आवृत्ती हवी तर २०१४ची स्क्रीम फॅक्टरीची ब्लू-रे शोधावी लागते. ती ‘ए’, म्हणजे गाडी पुन्हा पहिल्या मुद्द्यावर.

जाता जाता: १९६६च्या ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’मध्ये ड्रॅक्युलाचा आवाज येत नाही म्हणून स्पीकरच्या वायरी तपासू नका. ख्रिस्तोफर लीला त्या सिनेमात एकही संवाद नाही. ली म्हणायचा, संवाद इतके वाईट होते की मी ते बोललोच नाही. लेखक जिमी सँगस्टर म्हणायचा, मी त्याला लिहिलेच नव्हते. दोघांपैकी खरं कोण, देव जाणे. फुत्कार मात्र येतात. ते येत नसतील तर वायरी बघा.

रंग भलतेच दिसतात

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण १९५८चा ‘ड्रॅक्युला’ हा या संग्रहाचा पाया आणि त्याच्या रंगांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कुठल्या डिस्कवरून झाली नसतील.

टेम्सकाठच्या ब्रे स्टुडिओत, छोट्याशा जागेत, दिग्दर्शक टेरेन्स फिशर आणि छायालेखक जॅक ॲशर यांनी तो केला. ॲशर दिव्यांवर रंगीत कागद लावायचा. एका कोपऱ्यात जांभळी झाक, दुसरीकडे हिरवी, मधे मेणबत्तीचा पिवळा उजेड. बर्नार्ड रॉबिन्सनचे तेच तेच सेट उलटसुलट करून वापरलेले असूनही श्रीमंत वाटतात ते बऱ्याच अंशी या उजेडामुळे. त्यामुळे त्या सिनेमाचा तोल थोडा जरी निळ्याकडे झुकला, तरी सगळी मजाच उतरते.

२००७ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो दुरुस्त केला. दरम्यान एक जुनी वदंता होती, की जपानमध्ये दाखवलेल्या प्रतीत ब्रिटनच्या सेन्सॉरने कापलेले तुकडे आहेत. ती खरी निघाली. टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात शेवटची चार रिळं मिळाली, १९८४च्या आगीतून वाचलेली. त्यांतले तुकडे घेऊन हॅमरने २०१२ची आवृत्ती केली आणि २०१३ साली ब्रिटनमध्ये जी ब्लू-रे निघाली, तिच्यावर २००७ची आणि २०१२ची अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. शेवटच्या प्रसंगात सूर्यप्रकाशात सापडलेला ड्रॅक्युला आपल्याच बोटांनी चेहऱ्याची कातडी ओरबाडतो आणि ती सोलून हातात येते. हा क्षण पन्नासेक वर्षं ब्रिटनमध्ये कुणी बघितला नव्हता. गंमत म्हणजे त्या काळी या सिनेमाला सोळा वर्षांखालच्यांना मज्जाव करणारं ‘एक्स’ प्रमाणपत्र होतं, आता बारा वर्षांच्या पोराला तो चालतो.

पण हीच ब्रिटिश ब्लू-रे निळसर आणि काळपट दिसते. जुन्या अमेरिकी डीव्हीडीवर ज्यांनी सिनेमा पाहिलेला आहे, त्यांना ती लावल्यावर टीव्ही बिघडल्यासारखं वाटतं. २०१८ साली वॉर्नर आर्काइव्हने अमेरिकेत काढलेल्या ब्लू-रेवर रंग उबदार आणि उजळ आहेत, मात्र तिच्यात जपानी तुकडे नाहीत. म्हणजे एका डिस्कवर रंग आणि दुसरीवर कातडी. दोन्ही घेणं परवडत असेल तर दोन्ही घ्या. एकच घ्यायची तर मी ब्रिटिश घ्यायला सांगेन. रंग टीव्हीवर थोडेफार सावरता येतात, नसलेला प्रसंग कुठून आणणार?

आता सावरण्याचं. टीव्हीवर ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ लावलेलं असतं, ते नव्या टीव्हीत बहुधा मुळातच लावून येतं. तिथून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’वर या. रंगांचं तापमान ‘वॉर्म’ करा. नुसत्या एवढ्यानेच निळेपणाची निम्मी तक्रार मिटते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर १९५८चा सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो. नॉइज रिडक्शनही बंद: फिल्मचे दाणे दिसायलाच हवेत, ते दोष नव्हेत. हे सगळं करूनही निळं दिसत असेल तर ती डिस्कच तशी आहे, आता गप बसून सिनेमा बघा.

‘दुरुस्त’ म्हटलं की जुनं तसंच परत मिळालं असं नेहमी होत नाही, हेही लक्षात असू द्या. १९६८च्या ‘द डेव्हिल राइड्स आउट’च्या २०१२च्या ब्रिटिश ब्लू-रेत कच्च्या राहिलेल्या दृश्यपरिणामांवर संगणकाचा हात फिरवलेला आहे. तुम्हाला आठवतं त्यापेक्षा ते प्रसंग जास्त गुळगुळीत वाटले, तर तुमची स्मृती ठीक आहे.

डोकी कापली जातात, पट्ट्या दिसतात

त्या काळचे बहुतेक ब्रिटिश भयपट १.६६ या प्रमाणात, म्हणजे उंचीच्या १.६६ पट रुंद, दाखवण्यासाठी केलेले. आजचा टीव्ही १.७८चा. म्हणजे डावी-उजवीकडे तीन-तीन टक्क्यांच्या बारीक काळ्या पट्ट्या येणारच, त्या बरोबर आहेत. त्या घालवायला ‘झूम’ दाबलंत की कुशिंगच्या कपाळाला कात्री लागते. टीव्हीवर ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तसल्या नावाची सोय असते, ती लावून ठेवायची.

चारही बाजूंनी काळी चौकट आणि मधे छोटंसं चित्र दिसत असेल, तर ती जुन्या, चौकोनी टीव्हीसाठी केलेली डीव्हीडी आहे. झूम वापरायची हीच एक रास्त जागा.

कॅमेऱ्यात चित्र १.३७मध्ये, म्हणजे जवळपास चौकोनी उतरायचं, आणि चित्रगृहात वर-खाली झाकून ते रुंद दाखवायचे. त्यामुळे न झाकलेली प्रत लावली की डोक्यावर भलतीच मोकळी जागा दिसते आणि एखादा माइकही डोकावतो. ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या २०२०च्या वॉर्नर आर्काइव्ह ब्लू-रेवर १.८५, १.६६ आणि १.३७ अशी तिन्ही प्रमाणं दिलेली आहेत. वाद मिटवायची ही पद्धत मला फार पटली. ज्याला जे हवं ते बघा.

खरंच अडकते तेव्हा

एवढं सगळं वगळून जे उरतं तो खरा बिघाड. डबल लेअर डीव्हीडी साधारण मध्यावर क्षणभर थबकते, तो थर बदलण्याचा क्षण असतो, त्याकडे दुर्लक्ष करा. पण दोन्ही बाजूंनी दोन-दोन थर असलेल्या डिस्कपासून सावध. अमेरिकेत एकेकाळी आठ-आठ हॅमर सिनेमे अशा दोनच डिस्कवर कोंबून विकले गेले. छापील बाजूच नसल्यामुळे ती कशीही धरा, बोटांचे ठसे कुठल्या तरी सिनेमावर उमटतातच, आणि हा प्रकार अडकण्यासाठी मुळातच बदनाम आहे. तेच सिनेमे पुढे ब्लू-रेवर आले, तेव्हा जुन्या डिस्कच्या मागे लागू नका.

परीक्षा एकच. डिस्क दर वेळी त्याच मिनिटाला अडकते का? मग दोष डिस्कचा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी, आणि इतर डिस्कही अडकतात? मग लेझर. पुसताना मऊ सुती कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. गोल चरा वाचनाच्याच वाटेवर पडतो आणि तो दुरुस्त करणं यंत्राला जड जातं. उजेडासमोर धरल्यावर कडेपासून आत पसरलेले ढगाळ किंवा तपकिरी डाग दिसले, तर डिस्क आतून सडते आहे. पुसून काही होणार नाही.

मुंबई-कोकणात व्हीएचएस सांभाळणाऱ्यांना पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. कपाट भिंतीपासून सुटं ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि डिस्क कागदी पाकिटात न ठेवता डब्यातच ठेवा. कागद ओल धरतो.

एकच सिनेमा दोनदा येतो

हा यंत्राचा दोष नाही, पण खिशाला लागतो. अमेरिकी वितरकांनी नावं इतकी बदलली, की बारशाला आलेल्या आत्यालाही एवढा उत्साह नसेल. ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’ म्हणजे आपला ‘ड्रॅक्युला’च. ‘द डेव्हिल्स ब्राइड’ म्हणजे ‘द डेव्हिल राइड्स आउट’. ‘द कॉन्करर वर्म’ म्हणजे ‘विचफाइंडर जनरल’. ‘फाइव्ह मिलियन इयर्स टू अर्थ’ म्हणजे ‘क्वाटरमास अँड द पिट’. ‘नाइट क्रीचर्स’ म्हणजे ‘कॅप्टन क्लेग’, ‘बर्न, विच, बर्न’ म्हणजे ‘नाइट ऑफ द ईगल’, ‘स्क्रीम ऑफ फिअर’ म्हणजे ‘टेस्ट ऑफ फिअर’. स्वस्तातल्या ‘पन्नास भयपट एका खोक्यात’ छाप संचांत हमखास सापडणारा ‘हॉरर हॉटेल’ हा १९६०चा ‘द सिटी ऑफ द डेड’ आहे, तोही बहुधा धूसर, किंचित कापलेल्या प्रिंटमधला. यादी करताना ब्रिटिश नाव, साल आणि दिग्दर्शक असे तीन रकाने ठेवले की गोंधळ थांबतो. नुसत्या नावाने यादी करू नका.

आणि सगळं तपासून खरोखर डिस्कच खराब निघाली, तर विक्रेत्याला ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. कुठल्या मिनिटाला आणि सेकंदाला अडकते, दुसऱ्या प्लेअरवर काय होतं, प्लेअरचा रीजन कोणता, हे तीन-चार ओळींत लिहा आणि डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो जोडा. सोबत मधल्या भोकाभोवती कोरलेला आकडा उतरवून द्या. एकाच छपाईच्या अनेक डिस्क खराब निघाल्या असतील तर प्रकाशकाला तो त्यावरूनच कळतो, आणि बदली डिस्क त्याच गठ्ठ्यातली यायची नाही.